शुक्रवारचं पहिलं पाणी

आमच्या घरात कुणाचं चालतं असं कुणी विचारलं, तर माझं नाव सगळ्यांत शेवटी येईल. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत मी हेडक्लार्क होतो, तेव्हा माझ्या एका हुंकारावर लोक खुर्चीतून उठत. घरी माझ्या हुंकारावर मांजरसुद्धा हलत नाही. थोरली मुलगी हरिणी विद्यापीठात पाण्यावर संशोधन करते, म्हणून ती शहाणी. धाकटी वाणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून तिचं सगळं खरं. आणि कमलाक्षी, माझी बायको, तिचं काय विचारता. आमच्या घरचा देवसुद्धा तिच्या वेळेवर जेवतो.

तंजावुरात मेलवीदीच्या मागच्या बोळात आम्ही राहतो, घरात पिढ्यांपासूनची आमची तंजावुरी मराठी बोलतो. परसात विहीर आहे, तिला मोटर बसवलेली. मागच्या भिंतीपलीकडे एक भंगारवाला वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडायचा. त्याच्याशी मी पुष्कळ भांडलो, पण भांडलो ते माझी दुपारची झोप मोडते म्हणून. बॅटरीतलं शिसं जमिनीत मुरतं आणि आमच्या विहिरीत उतरतं, हे मला कुठं माहीत? त्यानं दुकान बंद केलं तेव्हा मी कमलाक्षीला म्हटलं, चला, पीडा गेली. पीडा पाण्यात राहून गेली होती. हरिणीनं आपल्या कामासाठी गावातल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं, त्यात आमच्याही विहिरीचं नेलं, आणि सगळ्यांत वाईट आकडा आमचाच निघाला.

तेव्हा वाणी यायची होती. तिला सातवा लागला की ओटी भरून आणायचं ठरलेलं. मी म्हटलं, भिंतीवर टांगायचं मशीन आणू, नाहीतर कॅनचं पाणी मागवू, सगळं गाव तेच पितं. कमलाक्षी म्हणाली, कॅनला कुणाकुणाचे हात लागलेले असतात, ते पाणी देवाला चालायचं नाही. हरिणी म्हणाली, मशीन जेवढं पाणी देतं त्याहून जास्त गटारात सोडतं, आणि माझ्याजवळ त्याहून साधी वस्तू आहे. झालं. पोरीनं आपल्या हातानं केलेलं असताना विकतचं कशाला, असं कमलाक्षीनं विचारलं आणि विषय मिटला. माझा हुंकार हवेत विरला.

हरिणीची वस्तू म्हणजे भाताचं तूस. तिरुवैयारूच्या गिरणीतून पोतंभर तूस आणायचं, बंद भट्टीत भाजून त्याचा कोळसा करायचा, मग तो कोळसा लोखंडाच्या क्षारात भिजवून वाळवायचा. नुसता कोळसा शिसं थोडंसंच धरतो. त्यावर लोखंडाचा लेप चढला की भरपूर धरतो. पाणी खाली उतरतं आणि शिसं दाण्यांना चिकटून वर राहतं. ह्या एका गोष्टीपायी पोरीनं लग्नाची दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. मी तिला चिडवायचो, लोकांच्या मुली स्वतः पीएचडी होतात, तू तुसालाच पीएचडी करायला बसवलंयस. ती हसायची. आपल्या कामावर तिचा जीव होता, आणि मला त्याचा अभिमान होता. तोंडानं मी तसं कधी म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तिनं पहिल्यांदा प्लास्टिकचा ड्रम आणला. कमलाक्षीनं तो परसातच थांबवला. सोवळ्याच्या पाण्याला प्लास्टिक नको. मग आपल्या आईकडून आलेला तांब्याचा मोठा हंडा तिनं माळ्यावरून काढून दिला. हरिणीनं तो प्रयोगशाळेत नेऊन तपासला, खाली स्टीलचा नळ बसवला, आत खडे, वाळू, त्यावर तो काळा कोळसा आणि वर पुन्हा वाळू असे थर भरले. आईला तिनं बजावून सांगितलं की आतलं काही बाहेर काढायचं नाही, ढवळायचं नाही, आणि साबण किंवा भांड्यांची पावडर ह्याला अजिबात लावायची नाही. कमलाक्षीनं मान डोलावली. तिला एखादी गोष्ट सांगावी आणि ती तिनं मोडावी, असं आमच्या संसारात झालेलं नाही.

हरिणी विद्यापीठाच्या हॉस्टेलात राहते. शनिवारी संध्याकाळी घरी यायची, सोमवारी सकाळी परतताना हंड्याच्या नळाखाली बाटली भरून न्यायची. दर सोमवारी दुपारी तिचा फोन यायचा, की पाण्यात शिसं नाही. अगदी नाही. कमलाक्षी शेजारच्या सीतालक्ष्मीला हे असं सांगायची की जणू शिसं तिनंच पळवून लावलंय.

वाणी आली. कोईंबतुरात सिरुवाणी धरणाचं गोड पाणी पिऊन गुबगुबीत झालेली, चालताना हाशहुश करणारी, सारखं काहीतरी आंबट मागणारी. हरिणीच्या आग्रहावरून डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातलं शिसं तपासलं. आकडा अगदी लहान होता. काही काळजी नको, म्हणाल्या, पुढल्या महिन्यात पुन्हा पाहू.

लेक आली म्हणून कमलाक्षीला शुक्रवार पुरेनासा झाला. आमच्याकडे शुक्रवारी देवाचं सगळं घासून लखलखीत करायचं, सडा घालायचा, पायसम करायचं. आता त्यात भर पडली. घासून पुसून झालं की हंड्यातलं पहिलं पाणी देवापुढं ठेवायचं, आणि तेच पाणी मग वाणीच्या चांदीच्या सोंबूत, म्हणजे तिच्या तांब्यात ओतायचं. दिवसभर तिनं तेच प्यायचं. पोटातल्या बाळाला देवाचं तीर्थ. मला त्यातलं पळीभर मिळायचं, हरिणी तर त्या दिवशी घरीच नसायची. ह्या बाईला माझ्यापेक्षा त्या न जन्मलेल्याची जास्त काळजी, असं मी म्हणायचो. खरं सांगायचं तर ते पाहताना मला बरं वाटायचं.

पुढल्या महिन्यात वाणीच्या रक्तातला आकडा दुप्पट झाला. त्याच्या पुढच्या तपासणीत त्याच्याही दुप्पट.

हरिणीनं सोमवारचे सगळे आकडे पुन्हा काढून पाहिले. पाणी तर दर सोमवारी स्वच्छ येत होतं. मग ती घराच्या मागं लागली. कुंकवात शिसं असतं, म्हणून कुंकू नेलं. हळद नेली. वाणीच्या डोळ्यांतलं काजळ नेलं. शेवटी तिचा हात आईच्या ईयाच्या भांड्यावर गेला. ईय म्हणजे कथील, त्या भांड्यात सार उकळलं की त्याला जी चव येते ती दुसऱ्या कशात येत नाही. हल्ली कथलात शिसं मिसळतात, असं हरिणीनं सांगितलं. कमलाक्षीनं ते फडक्यात गुंडाळून मुकाट्यानं दिलं आणि सार स्टीलच्या पातेल्यात केलं. जेवताना म्हणाली, हे सार नव्हे, गरम पाणी आहे. पण लेकीसाठी तिनं ते वरपलं.

सगळं तपासून झालं. कुंकू चांगलं, हळद चांगली, काजळ चांगलं, ईयाचं भांडंही चांगलं. एखादी वस्तू वाईट निघाली असती तर मी देवापुढं नारळ फोडला असता.

वाणीच्या नवऱ्याचा, कार्तिकेयाचा, कोईंबतुराहून फोन आला. मी येऊन घेऊन जातो म्हणाला, इथलं पाणी तरी बरं आहे. कमलाक्षी म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, लोक काय म्हणतील. हरिणी म्हणाली, पाण्यात काही नाही, मी स्वतः बघते आहे. वाणी म्हणाली, मला बसचा प्रवास झेपायचा नाही. मग तिघींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हुं. कार्तिकेयाला त्या दिवशी मी एका शब्दानं ये म्हटलं असतं तर, हा विचार आता येतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी परसात पेपर घेऊन बसलो होतो. कमलाक्षीनं चुलीजवळचं चिंचेचं पाणी आणलं, आधी समया घासल्या, पंचपात्री घासली, मग हंडा घासायला घेतला. बाहेरून तांबं कसं लाल लाल निघालं. मग तिनं उरलेलं चिंचेचं दाट पाणी वरच्या तोंडातून आत ओतलं, थोडा वेळ मुरू दिलं, नळ सोडून ते काढून टाकलं. वरून एक कळशी साधं पाणी घातलं, तेही सोडून दिलं. मग विहिरीचं पाणी भरलं आणि देवाची पंचपात्री नळाखाली धरली. कामात इतकी रमली होती की मी पाहतोय हेही तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी वाणीची चौकशी करायला हरिणीचा फोन आला. मी तिची गंमत करायला म्हटलं, तुझ्या तुसाचं नशीब बघ, दर शुक्रवारी त्याला अभिषेक असतो. चिंचेच्या पाण्याचा.

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"अप्पा," ती मग म्हणाली, "अम्मा चिंच बाहीर लावती, कीं आंत ओतती?"

आत, मी म्हटलं. तू साबण नको म्हणालीस, म्हणून तुझी आई चिंच घालते. देवाचं तांबं चिंचेशिवाय कशानं घासायचं?

ती स्कूटर घेऊन आली तेव्हा चपलासुद्धा न काढता आत आली. वाणी झोपाळ्यावर बसली होती, मांडीवर सोंबू. अर्धा झाला होता. हरिणीनं तो तिच्या हातातून काढून घेतला. वाणी म्हणाली, "अक्का, तें तीर्थ अहे," आणि हसली. हरिणीनं उरलेलं पाणी बाटलीत ओतलं. तपासायला नवा नमुना हवाय, एवढंच म्हणाली. कमलाक्षीनं तिला ताक दिलं, ते ती उभ्या उभ्या प्यायली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती आकडा घेऊनच. विहिरीच्या पाण्यात जेवढं शिसं होतं, त्याच्या कितीतरी पट त्या अर्ध्या सोंबूत होतं. मला तिनं विहिरीच्या कठड्याजवळ नेऊन समजावलं. वाणी आत झोपली होती, पण कमलाक्षी घरात वावरत होती, म्हणून आम्ही इंग्रजीत बोललो. बाहेर चारचौघांत लोकांना कळू नये असं काही असलं की आम्ही घरचे आमच्या मराठीत बोलायचो. आता मुलगी आणि मी कमलाक्षीला कळू नये म्हणून इंग्रजीत बोलत होतो.

हरिणी म्हणाली, तुसाचा दाणा शिसं धरून ठेवतो, पण आंबटात त्याची पकड सुटते. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम हेच करतो. वापरलेला कोळसा आम्लात घालतो, धरलेलं सगळं शिसं तो सोडून देतो, मग कोळसा पुन्हा वापरता येतो. अम्मानं चिंचेनं नेमकं तेच केलं. आठवडाभर जमलेलं सगळं सुटायचं. थोडं धुवून जायचं, आणि आंबटपणा दाण्यांत मुरलेला असल्यानं बाकीचं पुढच्या पाण्यात उतरायचं. एक-दोन दिवसांत पाणी पुन्हा स्वच्छ. सोमवारी मी भरायचे ती बाटली चांगलीच निघायची. आणि शुक्रवारचं पहिलं पाणी वाणीला.

मी विचारलं, आता काय करायचं? इतकी वर्षं शिकलेल्या माझ्या मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हे मीच तिला सांगायला हवं होतं.

हंडा ती गाडीला बांधून घेऊन गेली. कमलाक्षीला मी सांगितलं, आतली वस्तू संपली, नवी करायला वेळ लागेल, तोवर मशीन आणतोय. तिनं पदराला हात पुसले आणि विचारलं, "मीं नीट धुत होतें न?"

"होय," मी म्हटलं. "नीटच धुत होतीस."

डॉक्टरीणबाईंकडे हरिणी आणि मी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिसं थांबलं हे चांगलं झालं, म्हणाल्या. पण गेलं ते हाडांत जाऊन बसतं, आणि पोटात बाळ असलं की आईच्या हाडांतलं हळूहळू रक्तात उतरत राहतं. इतक्या आकड्याला गरोदरपणी औषध देत नाहीत. कॅल्शियम द्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, दूध पाजा. मी विचारलं, आणि बाळाचं काय? त्या म्हणाल्या, काहीच होणार नाही असंही असेल. किंवा वजन थोडं कमी भरेल. किंवा शाळेत गेल्यावर पाढे पाठ व्हायला वेळ लागेल, आणि तो कशानं लागतोय हे कुणालाच कधी सांगता येणार नाही. मला राग आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी पार्किंगच्या पावतीवरून रखवालदाराशी भांडलो. हरिणी मला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

कमलाक्षीला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. वाणीलाही नाही. बाळंतपण पार पडू दे, मग बघू. सांगून काय मिळणार होतं? तिचे हात त्या पोरीसाठी तेल गाळत होते, बाळंतविड्यासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होते. ते हात थांबले असते, एवढंच. हरिणी म्हणाली, मी तिला साबण नको म्हणाले, आंबट नको असं म्हणायचं मला सुचलंच नाही. मी म्हटलं, कुणाला सुचलं असतं? पोरीनं मान हलवली, पण ते काही तिला पटलं नाही.

भिंतीवर मशीन आलं. त्यातून घर्र असा आवाज येतो आणि निळा दिवा लागतो. कमलाक्षीनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही, देवालाही त्यातलंच पाणी ठेवलं. तिथंच मला शंका यायला हवी होती. कॅनचं पाणी चालणार नाही म्हणणारी बाई मशीनला काहीच कशी म्हणत नाही? पण बायको गप्प असली की नवऱ्याला ते सुखच वाटतं, मलाही वाटलं.

शुक्रवार आला. मी परसात गेलो तर ती समया राखेनं घासत होती. राखेनं तांब्या-पितळेला तो लालसर उजाळा येत नाही, भांडी मळकटच राहतात. पायसम झालं, देवाला दाखवून झालं. दुपारी आम्ही तिघं पानावर बसलो, ती वाढत होती.

सांबाराचा पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. डाळ होती, हिंग होता, मिरची होती, मुरुंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा होत्या. आंबट नव्हतं. सासरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून ह्या बाईच्या हातचं सांबार मी जेवतोय, मीठ एखादे वेळी कमी पडलं असेल, आंबट कधी नाही. हरिणी त्या दिवशी रजा काढून घरी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खाली पानाकडं पाहिलं.

वाणीनं बोट चाटलं. तिला तर आंबटाशिवाय घास उतरत नव्हता.

"अम्मा," ती म्हणाली, "चिंच घालाला विसरलीस कां?"

"चिंच संपली," कमलाक्षी म्हणाली.

स्वयंपाकघराच्या कोनाड्यात चिनी मातीची बरणी होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती. मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनात, नवी चिंच आली तेव्हा मी आणि तिनं परसात बसून चिंचोके काढले होते, मीठ लावून वर्षाची चिंच त्या बरणीत दाबून भरली होती. बरणीचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं, आणि फडक्यावर दोरीचे वेढे होते. रोजच्या बरणीला कुणी इतके वेढे घालत नाही.

आणि मग मला आठवलं, की विहिरीच्या कठड्यावर स्वयंपाकघराची खिडकी उघडते. आम्ही इंग्रजीत बोललो होतो खरं. पण चिंचेला इंग्रजीत काय म्हणतात हे कमलाक्षीला माहीत आहे, दुकानातल्या पाकिटावर ते छापलेलं असतं. लेड म्हणजे काय हेही ह्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. आणि वाणीचं नाव तर कुठल्याही भाषेत वाणीच.

"मी उद्या आणतो," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"आणूं नका," ती म्हणाली.

ती माझ्याकडं पाहत नव्हती. वाणीच्या पोटाकडं पाहत होती. तिच्या हातातलं ओगराळं सांबाराच्या भांड्यावर तसंच धरलेलं होतं, आणि त्याच्या काठावरून थेंब पडत होते. तिला सगळं कळलं होतं. तेव्हापासूनचे इतके दिवस ती एकटी कशी राहिली, दुपट्यांना टाके कशी घालत राहिली, हे मला विचारता आलं नाही. वाणीपुढं विचारता आलं नसतं, आणि वाणी नसती तरी विचारायचं धाडस मला झालं नसतं. मला रडू येत होतं.

वाणी हसून म्हणाली, अप्पा, तुम्हीच सांगा, बेचव झालंय की नाही.

बरं झालंय, मी म्हटलं. मी पान पुढं केलं आणि आणखी सांबार मागितलं.